रोजची पंचवीस कौतुकं

फिजीतल्या नासौवाईत कुणी कुणाच्या वस्तूला चांगलं म्हणत नाही. गावात चांगल्या वस्तू नाहीत असा याचा अर्थ नव्हे. शेजारणीनं नवं पातेलं आणलं, तर पातेल्याकडे एकदा बघायचं, मग छपराकडे बघायचं, "पाऊस लांबला यंदा," असं काहीतरी म्हणायचं आणि घरी यायचं. पातेलं आवडलं हे तिला कळतं, कळलेलं तुम्हाला कळतं, आणि पातेलं जिथल्या तिथे राहतं. कारण एकदा का तोंडातून "छान आहे" निघालं, की मालकाला "घेऊन जा" म्हणावं लागतं. आणि म्हटलं की द्यावं लागतं. राजधानीत, सुवाला गेलेली पोरं आता एकमेकांच्या टीव्हीलासुद्धा खुशाल छान म्हणतात असं ऐकू येतं, पण सुवात माणसं मासळीही विकत घेऊन खातात, त्यामुळे त्यांचं गावात कुणी मनावर घेत नाही.

उनाईसी या गावच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवत होती. तिसरी आणि चौथी, दोन्ही एकाच खोलीत. या अठ्ठावीस वर्षांत तिनं एकाही पोराला शाबासकी दिली नव्हती. गणित बरोबर आलं की ती "हं" म्हणायची. फारच बरोबर आलं तर जरा लांब "हंऽ". तो लांब हं मिळालेली माणसं गावात तीन होती, आणि त्यातला एक आता जहाजावर इंजिनिअर होता.

अशा गावात बेथन आली. वेल्समधल्या कुठल्याशा कॉलेजात ती मास्तरीण व्हायचं शिकत होती. वय एकवीस, नाक उन्हानं सोललेलं, पाठीवर तिच्याएवढीच पिशवी. आठ आठवडे शाळेत फुकट शिकवणार आणि उनाईसीच्या घरी राहणार, असं ठरलं होतं. तिचं नाव गावाच्या जिभेवर बसेना, म्हणून दुसऱ्या दिवसापासून ती पेदनी झाली. उनाईसीला ती "ना" म्हणू लागली. ना म्हणजे आई. असं म्हणायचं असतं हे तिला बोटीवर कुणीतरी शिकवलं होतं. बाकीचंही त्यानंच शिकवलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

पहिल्या दिवशी शाळा सुटल्यावर बेथन पडल्या चेहऱ्यानं घरी आली.

"ना, मुलांना माझं काहीच समजत नाही."

"कशावरून?"

"मी विचारलं, समजलं का? तर सगळी नुसती आश्चर्यानं बघत राहिली. अशी." तिनं दोन्ही भुवया वर केल्या. "पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. चार वेळा सांगितलं."

"अगं, ती हो म्हणत होती."

"हो? मग तोंडानं का नाही म्हणत?"

"तोंड कशाला लागतं? भुवया मोकळ्याच असतात की."

बेथन हसली. वहीत काहीतरी लिहून घेतलं. ती प्रत्येक गोष्ट वहीत लिहायची, आणि लिहिताना जिभेचं टोक बाहेर काढायची. उनाईसीच्या वर्गातली चौथीची पोरंही असंच करायची. पोरगी वाईट नाही, असं उनाईसीनं त्याच क्षणी मनाशी ठरवून टाकलं. घाईच झाली ती जरा, कारण पुढचंच वाक्य असं होतं :

"उद्यापासून मी कौतुकाला सुरुवात करते. आमच्या कॉलेजात सांगतात, दिवसाला निदान पंचवीस वेळा कौतुक करायचं. आणि नुसतं छान छान म्हणायचं नाही. काय छान आहे ते नेमकं सांगायचं."

"नेमकं?" उनाईसीच्या हातातली अळकुडी सोलायची थांबली.

"हो. म्हणजे मुलांचा विश्वास बसतो."

"आमच्याकडे," उनाईसी शब्द जपून टाकत म्हणाली, "कौतुक जरा कमी करतात."

"म्हणूनच तर मुलांना त्याची गरज आहे!" बेथन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं एका मुलीच्या कंपासपेटीचा निळा रंग अगदी समुद्रासारखा आहे असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती कंपासपेटी बेथनच्या टेबलावर होती. मुलीच्या आईनं धुऊन पुसून पाठवली होती. बेथनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं वहीत लिहिलं, "इथली माणसं किती देणारी आहेत." आणि कृतज्ञतेच्या भरात त्या दिवशी पंचवीसच्या जागी चाळीस कौतुकं केली.

पहिल्या पंधरवड्यात तिच्या खोलीत अकरा पेन्सिली, चार कंगवे, एक विजेरी, दोन डावे जोडे आणि एक उजवा, आणि पाद्रीबाबांचा विणलेला पंखा जमा झाला. तिसऱ्या आठवड्यात तिनं गावप्रमुख आपेनिसाच्या कोंबड्याचा तुरा राजाच्या मुकुटासारखा आहे असं भर रस्त्यात सांगितलं. चौथ्या आठवड्यात तिनं किनिसिमेरेच्या तान्ह्या नातीला बघून टाळ्या वाजवल्या. "काय गोड बाळ आहे! हे गाल, हे डोळे!" किनिसिमेरे ही उनाईसीची नणंद, शेजारच्याच घरात राहायची. बाई तशी धीराची, पण त्या वेळी तिनं बाळाला छातीशी असं घट्ट धरलं की बाळ रडायला लागलं. शेवटी तिनं बाळाच्या डोक्यावरची टोपी काढून दिली आणि बाळ घेऊन घाईनं आत गेली. त्या दिवसानंतर बेथन येताना दिसली की आया पोरं उचलून मागच्या दारानं बाहेर पडू लागल्या.

गावानं वस्तू लपवायला सुरुवात केली. घरं दिवसेंदिवस अशी दिसू लागली की जणू नुकतंच वादळ येऊन गेलंय. एका संध्याकाळी आपेनिसा उनाईसीच्या व्हरांड्यात येऊन बसला. बेथन मुलांबरोबर किनाऱ्यावर गेली होती. एका कोपऱ्यात पाय बांधलेला कोंबडा आपल्या जुन्या मालकाकडे बघत होता. आपेनिसानं नजर टाळली.

"उनाईसी, तू तिला सांग."

"काय सांगू?"

"की बाई गं, आवर."

"पाहुणीला? आणि मग तिनं आजवर घेतलं त्याचं काय? आम्ही मनापासून नाही दिलं, तू तोंडानं काढून घेतलंस, असं सांगू? तू सांग ना. गावप्रमुख तू आहेस."

"मी सांगितलं तर कोंबड्यासाठी सांगितलं असं होईल."

"तसं होईलच."

"मग पाद्रीबाबांना सांगायला लावू."

पाद्रीबाबांनी त्या रविवारी हाव या विषयावर चाळीस मिनिटं प्रवचन दिलं. दुसऱ्याच्या वस्तूकडे डोळा लावू नये, असं त्यांनी तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा बेथन बसली होती त्या बाकाकडे बघून. सभा सुटल्यावर बेथन लगबगीनं त्यांच्यापाशी गेली. "किती सुंदर प्रवचन! विशेषतः उंटाचा दाखला." पाद्रीबाबांनी डोळे मिटले, आणि हातानं लिहिलेली सगळी पानं तिच्या हवाली केली. पुढच्या रविवारी त्यांनी पाठ असलेलं जुनंच प्रवचन दिलं.

उनाईसीला कोंबड्याची फिकीर नव्हती. तिला फिकीर होती चटईची.

तिच्या मुलीचं, विलिमाईनाचं, लग्न ठरलं होतं. डोंगरापलीकडच्या गावात, बेथनच्या आठव्या आठवड्यातल्या शनिवारी. नवरी सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर चटया जातात, एकीवर एक. त्यातली सगळ्यात वरची आईच्या हातची लागते. चटईवर कुणी सही करत नाही, पण हात ओळखू येतो. सासरच्या बायका विणीवरून बोट फिरवतात आणि त्यांना कळतं की ही आईनं विणली, की दोन गावं पलीकडून कुणाकडून आणली. उनाईसीनं ती चटई चौदा महिने विणली होती. केवड्याची पानं उकळून, वाळवून, नखाएवढ्या बारीक पट्ट्या काढून. कडेला चार रंगांच्या लोकरीची झालर होती. ती झालर विलिमाईनानं ओवली होती, आणि ओवताना दोघी दोनदा भांडल्या होत्या. नवरा गेल्यापासून उनाईसीनं स्वतःच्या हातानं पूर्ण केलेली एवढी मोठी ही एकच वस्तू.

बेथन यायच्या आदल्या दिवशीच तिनं ती गुंडाळून किनिसिमेरेच्या घरी गादीखाली ठेवली होती. त्या वेळी कारण एवढंच होतं की घरात जागा कमी. आता तिला स्वतःच्या दूरदृष्टीचा अभिमान वाटू लागला होता.

दरम्यान वर्गात एक गोष्ट घडत होती, आणि ती उनाईसीला मान्य करावी लागत होती. आतेदा नावाची नऊ वर्षांची एक मुलगी होती. दोन वर्षांत तिनं वर्गात मोठ्यानं एक ओळ वाचली नव्हती. वाचता यायचं, पण उभं केलं की ओठ शिवल्यासारखे. उनाईसीनं रागावून पाहिलं, सोडून देऊन पाहिलं, मग तिला "हं" म्हणणंसुद्धा थांबवलं. एक दिवस बेथन तिच्याजवळ जमिनीवर मांडी घालून बसली. दोघींनी मिळून काहीतरी कुजबुजत वाचलं. मग बेथन मोठ्यानं म्हणाली, "आतेदा, तुझा आवाज किती छान आहे. पावसाआधी वारा येतो ना, तसा."

पोरं आतेदाकडे बघू लागली. आता ही काय देणार?

आतेदाही विचारात पडली. मधल्या सुट्टीत तिनं खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती अंघोळ करून, केसांना खोबरेल लावून, पुस्तक घेऊन उनाईसीच्या व्हरांड्यात आली. बेथनसमोर बसली आणि वाचायला लागली. मोठ्यानं. आधी अडखळत, मग बरं. एक धडा संपवला, पुस्तक मिटलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मग रोज.

उनाईसी आत चुलीपाशी बसून ऐकायची. पहिल्या दिवशी तिच्या हातून नारळाचं दूध उतू गेलं. आतेदा काय करत होती हे तिला कळलं होतं. बेथनला कळलं नव्हतं. बेथननं वहीत लिहिलं, "आतेदाला आत्मविश्वास आला."

सहाव्या आठवड्यात दोन दिवस पाऊस कोसळला. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. शाळेच्या कागदपत्रांसाठी उनाईसी थांबली, बेथन पुढे घरी गेली. उनाईसी वळणावर आली, आणि तिला लांबूनच चार रंग दिसले.

किनिसिमेरेचं छप्पर गळलं होतं. गादी भिजली होती. बाईनं बिचारीनं गडबडीनं चटई बाहेर काढून उनाईसीच्याच अंगणात, उन्हात, पूर्ण पसरून ठेवली होती. आणि तिच्या कडेला बेथन उभी होती, हात गालांवर ठेवून.

उनाईसी धावली. बावन्नाव्या वर्षी, शाळेची फाइल काखेत, ती गावातून धावत सुटलेली लोकांनी पहिल्यांदाच पाहिली. बेथननं वळून बघितलं. उनाईसी मनात म्हणत होती, पाऊस म्हण. छपराकडे बघ. एकदाच.

"ना," बेथन म्हणाली, "हे तुम्ही विणलंय? या कडा बघा, एकही पट्टी मागेपुढे नाही. आणि हा लाल संपतो तिथून हिरवा कसा निघतो! इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलं नाही."

नेमकं. कॉलेजात शिकवतात तसं.

उनाईसीला श्वास लागला होता. तिला वाटलं, श्वास लागलाय तोवर बोलता येणार नाही, आणि बोलता आलं नाही तर कदाचित सुटू. पण जिभेनं तिला विचारलं नाही.

"घेऊन जा," ती म्हणाली. "तुझीच आहे."

बेथननं तिला मिठी मारली आणि ती रडली. उनाईसीही रडली. कारणं वेगळी होती.

विलिमाईना आरोग्यकेंद्रातल्या कामावरून घरी आली तेव्हा चटई बेथनच्या खोलीत गेली होती.

"ना, एकदा नाही म्हणता आलं नसतं?"

"तुला आलं असतं?"

विलिमाईनानं भुवया वर केल्या. मग खाली आणल्या. मग दोन दिवस ती आईशी बोलली नाही, आणि नेमकं त्याच दोन दिवसांत बेथननं तिच्या जेवणाची चव वर्णन करून सांगितल्यामुळे तिला सगळा भात बेथनला वाढावा लागला.

"दुसरी विणू," किनिसिमेरे म्हणाली. ती तोंड लपवून बसली होती. "वहिनी, मी येते मदतीला."

"चौदा महिन्यांचं काम दोन आठवड्यांत?"

"मग माझी ने. माझ्या खोलीतली."

"तिच्यावर तुझा हात आहे. ती माणसं बोट फिरवतील."

किनिसिमेरे छपराकडे बघत राहिली. छपराला भोक होतं.

त्याच आठवड्यात उनाईसीला बेथनच्या कॉलेजचा अर्ज भरायचा होता. मार्गदर्शक शिक्षिकेनं विद्यार्थिनीविषयी मत द्यायचं, प्रत्येक प्रश्नापुढे थोडक्यात. पाचवा प्रश्न होता, "विद्यार्थिनी पुरेसं कौतुक करते का?" उनाईसी त्या प्रश्नाकडे पुष्कळ वेळ बघत बसली. खाली सूचनांसाठी पाच रिकाम्या ओळी होत्या. जे पाहुणीला तोंडावर सांगता येत नाही ते अर्जात लिहिता येतं, अर्ज हा काही कुणाचा पाहुणा नव्हे, असं तिच्या मनात आलं. तिनं पेन टेकवलं. बाहेर आतेदा वाचत होती. धड्यात एक कासव होतं आणि ते आता घरी पोचायच्या बेतात होतं.

तेवढ्यात वाचन थांबलं.

"आतेदा," बेथनचा आवाज आला, "तू रोज इतक्या लांबून येतेस. दमत नाहीस?"

"नाही."

"मग उद्या सुट्टी घे ना."

"नाही चालणार."

"का?"

"तुम्ही आवाज छान म्हणालात ना. मग द्यायला नको? पण तो काढून कसा देणार? म्हणून मी इथे आणते."

उनाईसी चुलीपाशी तशीच बसून राहिली, हातात पेन.

"म्हणजे," बेथन हळूहळू म्हणाली, "छान म्हटलं की द्यावं लागतं?"

आतेदा काही बोलली नाही. म्हणजे भुवया वर केल्या असणार.

"सगळं? म्हणजे... तो कोंबडा?"

भुवया.

"पाद्रीबाबांची पानं?"

भुवया.

"चटई?" हे बेथननं इतकं हळू विचारलं की उनाईसीला ते जेमतेम ऐकू आलं.

"ती विलिमाईनाच्या लग्नाची होती," आतेदा म्हणाली. मुलं ही अशी असतात. मग तिनं कासवाला घरी पोचवलं आणि ती गेली.

त्या संध्याकाळी बेथन जेवली नाही. पोट बिघडलंय म्हणाली. उनाईसीनं अर्ज तसाच मिटून ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर लोकांनी बघितलं तर बेथननं खोलीतल्या सगळ्या वस्तू व्हरांड्यात मांडल्या होत्या. कंपासपेटी, पेन्सिली, कंगवे, विजेरी, तिन्ही जोडे, टोपी, पंखा, प्रवचनाची पानं, कोंबडा, आणि शेवटी चटई. ती मध्ये बसून गवताच्या काडीनं दात कोरत होती आणि कुणाकडेही बघत नव्हती. गावाला कळायला थोडा वेळ लागला. परत देणं म्हणजे तोंडावर मारणं, हे तिलाही कुणीतरी सांगितलं असावं. बहुतेक आतेदानं.

आपेनिसा पहिला आला. तो जवळून दोनदा गेला. तिसऱ्यांदा थांबला.

"कोंबडा," त्यानं घसा साफ केला. मोठा माणूस, पंधरा वर्षं गाव सांभाळलेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य बोलत होता. "कोंबडा... बरा आहे."

बेथन दात कोरत राहिली.

"छान आहे," आपेनिसा म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

"घेऊन जा," बेथन म्हणाली.

मग रांगच लागली. लोक आपल्याच वस्तूंचं कौतुक करायला येत होते आणि लाजेनं मरत होते. पाद्रीबाबांनी स्वतःच्या प्रवचनाला छान म्हणायचं नाकारलं, ते फक्त पंख्यापुरतं बोलले, आणि पानं बेथननं परत आत नेली. दोन डावे जोडे दोन घरी गेले. किनिसिमेरे टोपी घ्यायला बाळाला घेऊन आली, आणि बेथननं बाळाकडे बघितलं, मग छपराकडे बघितलं, आणि मोडक्या फिजियनमध्ये म्हणाली, "पाऊस. लांब गेला." किनिसिमेरे हसत हसत खालीच बसली.

संध्याकाळी व्हरांड्यात एकच वस्तू उरली. बेथननं चटई पूर्ण उलगडून, झालर रस्त्याकडे करून पसरली होती.

उनाईसी शाळेतून आली. थांबली. चटईकडे बघितलं.

बेथन वाट बघत होती.

"दव पडेल," उनाईसी म्हणाली. "आत घे." आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चटई बाहेर. "कुत्रं बसेल तिच्यावर," उनाईसी म्हणाली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "वारा सुटलाय."

"ना, तुम्ही एक शब्द म्हणा ना," विलिमाईना मागल्या दारी रडकुंडीला आली होती. "आपेनिसा म्हणाला. सगळे म्हणाले."

"त्याचा कोंबडा त्यानं विणला होता का?"

कोंबड्याला छान म्हणणं वेगळं. स्वतःच्या हातच्या कामाला, गावासमोर, स्वतःच्या तोंडानं छान म्हणायचं, तेही ते परत मिळावं म्हणून, हे उनाईसीला मरेपर्यंत जमलं नसतं. मुलीच्या लग्नासाठीही नाही. तिला त्याचं वाईट वाटत होतं. पण जिभेनं तिला याही वेळी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी बेथननं चटई गुंडाळून आत नेली आणि पुन्हा काढली नाही. उनाईसी त्या रात्रीच्या जेवणात मीठ घालायला विसरली. सगळ्यांनी ते तसंच खाल्लं.

लग्नाचा शनिवार उजाडला. डोंगरापलीकडची माणसं दोन ट्रक भरून आली. सभागृहात चटया पसरल्या, एकीवर एक, सात थर. सातवी किनिसिमेरेच्या खोलीतली होती. नवऱ्याची आत्या, अंगानं भरलेली, बोटांत तीन अंगठ्या घातलेली बाई, त्या ढिगाशेजारी येऊन बसली. उनाईसीनं तिचं बोट बघितलं आणि जमिनीकडे नजर वळवली.

मग पाहुण्यांनी आपापल्या भेटी आणायला सुरुवात केली. भेट देताना गुडघ्यांवर बसून दोन शब्द बोलायचे असतात, आणि ते भेटीला कमी लेखणारेच असावे लागतात. कितीही मोठं आणलं तरी लहान म्हणायचं. सगळ्यांत शेवटी बेथन आली. अंगात विलिमाईनाचा जुना झगा, केसांत चाफ्याचं फूल, आणि दोन्ही हातांवर गुंडाळलेली चटई. ती गुडघ्यांवर बसली. आठ आठवडे ज्या मुलीनं पेन्सिलींपासून उंटापर्यंत सगळ्याला सुंदर म्हटलं, ती आता काय बोलणार, ही धास्ती अख्ख्या गावाच्या चेहऱ्यावर होती. आपेनिसानं तर कोंबडा आठवून डोळे मिटले.

"मी लहान वस्तू आणली," बेथन म्हणाली. पाठ केलेलं दिसत होतं, एकेक शब्द मोजून. मागे आतेदाचे ओठ हलत होते. "अगदी लहान. काही खास नाही. वीण कशीतरीच आहे. रंग साधे. तुमच्यासमोर ठेवायची लाज वाटते. गोड मानून घ्या."

आणि तिनं चटई सगळ्या थरांच्या वर उलगडली.

उनाईसीनं ते ऐकलं. कशीतरीच. चौदा महिने. रंग साधे. तिच्या आयुष्यात तिच्या कामाविषयी इतकं सुंदर कुणी बोललं नव्हतं. तिनं खांद्यावरचं कापड पदरासारखं तोंडावर घेतलं.

नवऱ्याच्या आत्यानं बोट पुढे केलं. विणीवरून फिरवलं, झालरीत लाल संपतो आणि हिरवा निघतो तिथे थांबलं. तिनं उनाईसीकडे बघितलं. मग सभागृहाच्या छपराकडे.

"पाऊस लांबला यंदा," आत्या म्हणाली.

"लांबला," उनाईसी म्हणाली.

सोमवारी बेथनची बोट होती. अर्ज अजून उनाईसीच्या पिशवीत होता. धक्क्यावर बसून तिनं तो पुरा केला. पाचव्या प्रश्नापुढे तिनं "पुरेसं" असं लिहिलं, मग जरा विचार करून त्याच्या आधी "अगदी" घातलं. सूचनांच्या पाच ओळी तिनं कोऱ्याच ठेवल्या.

बेथननं अर्ज घेतला, तो वाचला, आणि तिचं सोललेलं नाक आणखी लाल झालं.

"ना, एक विचारू? मी मुलांना चांगलं शिकवलं का? खरं सांगा."

उनाईसीनं समुद्राकडे बघितलं. पावसाविषयी बोलता आलं असतं. पण बोट भोंगा वाजवत होती.

"तू कौतुक छान करतेस," ती म्हणाली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून हा शब्द निघाला, आणि निघाल्या निघाल्या तिला कळलं की आपण काय करून बसलो.

बेथनला तिच्या आधी कळलं होतं. तिनं दोन्ही भुवया वर केल्या.

"घेऊन जा," ती म्हणाली. "तुमचंच आहे."

आता दिलेलं घ्यावं लागतं, आणि घेतलेलं वापरावं लागतं. मंगळवारी उनाईसी वर्गात फळ्यापुढे उभी राहिली. आतेदानं तिसरीच्या पोरांना कासवाचा धडा वाचून दाखवला. उनाईसीनं तोंड उघडलं. वर्ग वाट बघत होता. "हंऽ," ती म्हणाली, लांब. ते पुरेसं नव्हतं, हे तिला स्वतःलाच ठाऊक होतं. मग ती दुसऱ्या बाकाशी गेली, एका पोराच्या वहीवर वाकली आणि एकेक शब्द ओढून काढत म्हणाली, "तुझ्या बापाच्या झाडाच्या पपईसारखं गोल काढलंयस हे शून्य. छान आहे."

बुधवारी सकाळी तिच्या दाराशी टोपलीभर पपया होत्या. उनाईसीनं त्यांच्याकडे बघितलं, कपाळाला हात लावला, आणि पुढच्या वेळी आणखी नेमकं बोलायचं ठरवलं.